नुकत्याच उठून गेलेल्या

१

मला दचकायला फार काही लागत नाही. कुकरची शिट्टी, मागून आलेली सायकल, टेबलावर थरथरणारा फोन, एवढं पुरतं. माझा भाऊ जितेश अजूनही मुद्दाम दारामागे लपतो आणि मी किंचाळले की आईला टाळी देतो. तेव्हा त्या दुपारी दालनात आवाज झाला आणि मी दचकले, असं घरी सांगितलं असतं तर कुणी ताटातून मान वर केली नसती. पण मी दचकले नाही. मी उठले.

जरा नीट सांगते.

कुंभिवलीला हायवे सोडून आत वळलं की भाताच्या जुन्या गिरणीची इमारत लागते. तिथे आता कलादालन आहे. गिरणीची यंत्रं गेली, पत्रे बदलले, भिंती पांढऱ्या झाल्या, तरी हवा दमट असली की कोंड्याचा वास येतोच. कलेच्या इतिहासात एम. ए. करून मी तिथे सहायक म्हणून लागले. शेलूहून खोपोलीची गाडी, पुढे रिक्षा, आणि मग दिवसभर एक खुर्ची. सकाळी दिवे तपासायचे, हवा कोरडी ठेवणाऱ्या मशीनमधलं पाणी ओतायचं, चौकटींवरची धूळ मऊ ब्रशने झटकायची. नंतर कुणी चित्रांना बोट लावत नाही ना हे बघत बसायचं.

तेव्हा वनिता विरले यांच्या समग्र प्रदर्शनाची मांडणी चालली होती. वनिताबाई मूळच्या कळंबच्या. तरुणपणी नवऱ्याचं घर सोडून मुंबईला गेल्या, चित्रकला शिकल्या आणि मरेपर्यंत एकच गोष्ट रंगवत राहिल्या: खोल्या. स्वयंपाकघर, माजघर, पडवी, ओटा. रंगांचे मोठे सपाट पट्टे. सारवलेल्या जमिनीचा तपकिरी, चुलीमागच्या भिंतीचा काळा, कुठेतरी हळदीची एक उभी रेघ. प्रत्येक चित्रात एक दार आणि दारात अंधार. माणूस एकाही चित्रात नाही. ही चित्रं लांबलांबच्या शहरांत लागली होती, पण त्यांच्या गावाच्या इतक्या जवळ आता प्रथमच येत होती.

त्या दुपारी दालनात मी एकटी होते. डबा उघडला, भाकरीचा पहिला घास तोंडात घातला आणि मागे कुणीतरी खाकरलं.

खोकला नव्हता तो. घशात काही अडकलेलं नसताना, मी आलोय एवढं कळवायला एखादा वडीलधारा पुरुष दाराबाहेर खाकरतो ना, तसं. लांबवलेलं, सावकाश. उत्तराची खात्री असलेलं.

त्यानंतरचं मला आठवतं ते असं. मी मागच्या चहाच्या खोलीत दारामागे उभी आहे. पाठ भिंतीला. ओढणी डोक्यावर. तोंडातला घास तसाच.

आमच्या घरात कुणी खाकरत नाही. बाबा आले की बेल वाजवतात. मग हे माझ्या पायांना कुणी शिकवलं?

२

गेटवर पोपटदादा असतात. पहिला संशय अर्थात त्यांच्यावर.

"दादा, मघाशी आत आला होतात?"

"मी कशाला येऊ? तुमच्या त्या रिकाम्या खोल्या बगून मला आमच्या घराचा हप्ता आठवतो." मग बाहेरच्या फलकाकडे बोट दाखवून म्हणाले, "आनि ह्ये सिंहावलोकन लिवलंय, सिंह कुठाय? कालपास्नं तीन पोरं विचारून गेली."

"तुम्ही खाकरलात का पण?"

"तंबाखू सोडल्यापास्नं नाय. का गं, काय झालं?"

काही नाही म्हटलं. काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी किरण मॅडम दालनात होत्या. प्रदर्शनाची सगळी मांडणी त्यांची. मुंबईच्या, जीन्समध्ये वावरणाऱ्या, एका हातात कायम फोन. माझ्यासारख्या दहा जणींना एका वेळी झाडू शकतील अशा. त्या छपाईवाल्यावर तापल्या होत्या. "मी तुला हिरवा सांगितला होता, हा काय बाटलीचा हिरवा..."

तेव्हा ते पुन्हा झालं.

भानावर आले तेव्हा चहाच्या खोलीत दारामागे आम्ही दोघी उभ्या होतो. खांद्याला खांदा लावून. मॅडमच्या कानाला फोन होता आणि त्यातून छपाईवाला "हॅलो, हॅलो" करत होता. त्यांचा दुसरा हात डोक्यावर होता, नसलेला पदर चिमटीत धरून.

मग त्यांनी हात खाली घेतला. "हां, बोल. काय म्हणत होते मी?" म्हणत बाहेर गेल्या.

मी मागोमाग धावले. "मॅडम, तुम्ही आत का आलात?"

"कुठे आत?"

"चहाच्या खोलीत. आत्ता."

"रेंज नव्हती गं." त्या माझ्याकडे बघत होत्या, पण नजर माझ्या जरा बाजूला होती. "हर्षला, तू जेवलीस का? चेहरा बघ तुझा."

बाहेर फोनला रेंज पूर्ण होती. मी बघितली.

३

मॅडमनी प्रवेशाच्या भिंतीवर लावायला मजकूर लिहिला होता. 'रिकामेपणाचा शोध' हे त्याचं शीर्षक. आधी मलाही ते पटलं होतं. मोठमोठ्या समीक्षकांनीही तेच लिहिलंय, शांतता, अभाव, वगैरे. त्यानंतरच्या सकाळी मी ब्रश घेऊन चित्रांपुढून फिरताना पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं.

चुलीवर तवा आहे, तव्यावर भाकरी आहे आणि भाकरीला पापुद्रा सुटलाय. म्हणजे ती उतरवायची वेळ झालीय.

सूप जमिनीवर टेकलेलं आहे. त्यातले तांदूळ एका बाजूला गोळा झालेत, पाखडताना होतात तसे.

माजघरातल्या चित्रात पितळेच्या तांब्यातलं पाणी अजून हलतंय. हलणारं पाणी त्यांनी फक्त दोन वाकड्या पांढऱ्या रेघांत दाखवलंय, पण हलतंय.

या खोल्या रिकाम्या नाहीत. इथून बायका नुकत्याच उठून गेल्यात. आणि ते कळल्यावर माझी नजर आपसूक उजवीकडे गेली, प्रत्येक चित्रातल्या त्या दाराकडे, ज्यात फक्त काळा रंग आहे.

मी स्वतःला समजावलं. आपण शिकलेल्या आहोत. चित्रात असतं ते बघणाऱ्याच्या मनात असतं, हे परीक्षेला मीच लिहिलेलं होतं. सहा पानं. पूर्ण गुण.

मग मी स्वयंपाकघराच्या चित्रापुढे आले. चुलीशेजारी जमिनीवर एक स्टीलचा डबा होता, झाकण बाजूला काढलेलं. आत भाकरी. एक घास तोडलेला.

माझा डबा मी परवापासून शोधत होते. घरी आईची बोलणीही खाऊन झाली होती.

मॅडमना ओढत आणून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "डबा आहे. मग? आधीपासूनच असेल गं. वनिताबाई काय स्टील रंगवत नव्हत्या?"

मीही मान डोलावली. असेल. चित्र गाडीतून उतरवलं त्या दिवशी मी काढलेला त्याचा फोटो फोनमध्ये होता, तो काढला. त्यातही डबा होता. म्हणजे आधीपासूनच होता. तेवढ्या आधारावर मी ती दुपार काढली.

फक्त त्या फोटोत डब्याच्या झाकणावर, अगदी बारीक, 'जितेश' असं कोरलेलं होतं. तो शाळेत असताना वर्गात डबे बदलायचे म्हणून आईने कोरून घेतलेलं.

४

सोनुबाई आल्या त्या दिवशी दालनाला जरा घरपण आलं. वनिताबाईंच्या धाकट्या सख्ख्या बहीण, आणि जाऊसुद्धा. दोघी बहिणी एकाच घरात दोघा भावांना दिलेल्या. ऐंशीच्या आसपासच्या. गुडघे गेलेले, म्हणून मॅडमनी कळंबला गाडी पाठवली होती. येताना वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन आल्या आणि ती पोपटदादांच्या हातात कोंबून म्हणाल्या, "उकडून खा रं. मीठ जास्त घालू नको, बीपी वाढंल."

त्या प्रत्येक चित्रापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. "ही आमची चूल. हा तांब्या माझ्या लग्नातला. आन ह्यो खुंटा बगा, आजून वाकडाच काढलाय मेलीनं." हसत होत्या. शेवटच्या चित्रापुढे मात्र हसल्या नाहीत.

ते चित्र वनिताबाईंचं अखेरचं, अर्धवट राहिलेलं. पुरी भिंत व्यापणारं. लांब, उंच छताची पांढरी खोली, जमीन मोकळी, आणि दार यात उजवीकडे नाही, बरोबर मधोमध. मॅडम म्हणतात ते अमूर्त आहे. मला ते पहिल्या दिवसापासून आमच्या दालनासारखं वाटत होतं. पण वनिताबाई वारल्या तेव्हा इथे गिरणी चालू होती.

सोनुबाई समोरच्या बाकावर बसल्या. कमरेची पानाची चंची सोडून बाजूला ठेवली.

"वनिताबाईंनी माणसं का काढली नाहीत, आजी?" मी विचारलं.

"माणसं कशी काढनार? आमी आसायचो कुठं तिथं? सासरा ओट्यावरनं खाकरला की उठायचं. दळत आसू तर दळन टाकून. जेवत आसू तर घास टाकून. पोर पाजत आसू तर पोर तोडून. आत जायचं, दारामागं. तो येनार, बसनार, त्याचं काम आटपनार. मग आमी परत. तोवर भाकर करपलेली आसायची, ती बी आमीच खायची."

"रोज?"

"रोज काय विचारतीस बाय? त्याला काय वार आसतो?" त्यांनी पान चुरगाळलं. "आक्का एक दिस उठली नाय. ताटावर बसली ती बसलीच. मी दारामागनं हात करतेय, उठ गं उठ गं. तिनं माझ्याकडं बगितलं आन भात कालवला. पन एकटीला किती येळ बसता येतंय? समदं घर तिच्या अंगावर आलं. त्याच रात्री ती..."

तेव्हा तो खाकरला.

चहाच्या खोलीत आम्ही तिघी होतो. मी, मॅडम आणि मध्ये सोनुबाई. गाडीतून उतरायला ज्यांना दोघांचा आधार लागला होता त्या सोनुबाई पोरीसारख्या ताठ, चवड्यांवर उभ्या. पदर कपाळापर्यंत. मॅडमचे डोळे उघडे होते आणि त्यांत काही नव्हतं.

सोनुबाई मात्र जाग्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि अगदी कानाशी येऊन विचारलं:

"ह्यो आजून हाय?"

५

त्यांची चंची बाकावर सापडली नाही. 'ओटा' नावाच्या चित्रात सापडली. मी कुणाला सांगितलं नाही.

मला दुसरंच काही कळायला लागलं होतं. त्या रात्री आईने ताटं मांडली, तिघांची. मी समोर उभी होते. "अगं बाई," ती म्हणाली, "तू घरातच होतीस?" जितेश दारामागे लपला नाही. मी त्याच्या जवळून गेले तरी त्याला पत्ता नव्हता. दालनातल्या चहाच्या खोलीत माणूस शिरलं की आपोआप लागणारा दिवा आहे. तो माझ्यासाठी लागेनासा झाला. पोपटदादांनी एका संध्याकाळी मला आत ठेवून कुलूप लावलं. मी ओरडले तेव्हा धावत आले, खरंच ओशाळलेले. "शप्पत सांगतो, मी आत बगून घेतलं. खुर्चीत कोन नव्हतं गं."

मी खुर्चीतच होते.

इतकं गणित मला येतं. मी उठते तेव्हा सगळी उठत नाही. काहीतरी मागे राहतं, डबा राहतो तसं, आणि ते त्या दाराच्या बाजूला जमा होतं. अशीच उठत राहिले तर एक दिवस आई तीनच ताटं मांडेल आणि तिला काही चुकल्यासारखंही वाटणार नाही.

म्हणून एका दुपारी मी ओढणीचं एक टोक कमरेला आणि दुसरं खुर्चीच्या हाताला बांधलं. गाठीवर गाठ. वाट बघत बसले. दात आवळून.

चहाच्या खोलीत दिवा न लागताच मी जागी झाले. डोक्यावर ओढायला ओढणी नव्हती, तरी हात डोक्यावरच होता. बाहेर खुर्चीला ओढणी होती. दोन्ही गाठी शाबूत. एकीच्या फेऱ्यात माझ्या कमरेएवढी पोकळी.

मी तिथेच फरशीवर बसून रडले. मग आईला फोन केला.

"सोड ती नोकरी," आई म्हणाली. "घरी ये. आपण दुसरी बघू. तुला कुठे झेपतंय असलं."

घरी ये. म्हणजे पुन्हा उठ. डोळे पुसता पुसता मला एकदम राग आला. आईचा नाही. मला इतका राग येतो हेही मला माहीत नव्हतं. मी सहा पानं लिहिलेली मुलगी आहे, ती खुर्ची माझी आहे, आणि हा कोण, ज्याला नाव नाही, चेहरा नाही, नुसता घसा आहे?

"झेपतंय," मी म्हटलं.

झेपत नव्हतं. आणि रविवारी उद्घाटन होतं. कळंबहून सोनुबाई टेंपो भरून बायका आणणार होत्या.

मी मॅडमना म्हटलं, बायकांना दुसऱ्या दिवशी बोलवू.

"का? बायकांनी काढलेलं, बायकांबद्दलचं प्रदर्शन आहे, त्याच नकोत?" मॅडमचं बरोबर होतं. मग त्या भोवती बघत म्हणाल्या, "कुणाशी बोलतेय मी? हर्षला? आहेस का इथे?"

मी त्यांच्या समोर, हातभर अंतरावर होते.

मग सोनुबाईंना फोन केला. सगळं सांगितलं, चंचीसकट. पलीकडे कोंबड्यांचा आवाज.

"आमी येनार," त्या म्हणाल्या. "एकटी आक्का बसली व्हती. एकटीचं ते काम नाय."

६

रविवारी दुपारी दालन भरलं. खुर्च्या पाहुण्यांनी घेतल्या. ट्रस्टची माणसं, गावचे पुढारी, मुंबईचे दोन चित्रकार. कळंबच्या बायकांसाठी शेवटच्या चित्रापुढे सतरंजी टाकली. सोनुबाई मध्ये, त्यांच्या एका बाजूला नणंद भागूबाई, दुसऱ्या बाजूला मी. मागे लेकी, सुना, नाती. अत्तर, गजरे आणि टेंपोत लागलेली धूळ.

"एवडी मोटी भिंत न् एक मानूस काढाय झालं नाय हिला," भागूबाई म्हणाल्या.

"गप. ऐकंल ती."

"ऐकू दे. माझी उसनी परात घिऊन गेली ती मुंबईला."

मागच्या पोरी फिसकन हसल्या. मॅडम रेशमी साडीत माईकपुढे उभ्या होत्या. "वनिता विरले यांनी आपल्या चित्रांतून रिकामेपणाचा..."

मग ते ऐकू आलं. लांबवलेलं, सावकाश. या वेळी बाजूने नाही. समोरून. चित्रातल्या मधल्या दारातून.

मॅडम शब्द अर्धा टाकून माईकपासून बाजूला झाल्या आणि चालू लागल्या. पाहुण्यांना वाटलं भाषण संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांमध्ये सतरंजीवरच्या बायका उठू लागल्या. धक्काबुक्की नाही, बोलणं नाही. वाऱ्याने शेत एका बाजूला कलतं तशा. संजना नावाची पोर कॉलेजच्या ड्रेसमध्ये होती, तिचा हात कपाळाशी गेला. भागूबाईंनी गुडघ्यावर हात ठेवून कण्हत अंग उचललं. एकाही पुरुषाने मान वळवली नाही. कुणीतरी म्हणालं, चहा आला वाटतं.

मी अर्धी उठलेली होते. पाय माझे नव्हते.

मनगटाला हिसका बसला. "बस."

सोनुबाई बसलेल्या होत्या. सगळ्या अंगाने थरथरत. कपाळावर घाम. बसणं ही इतकी कष्टाची गोष्ट असू शकते, हे मी आधी पाहिलेलं नव्हतं. "बस गं बाय. माझ्यानं एकटीनं नाय व्हायचं."

मी बसले. हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. पायांच्या शिरा आतून कुणी वर ओढत होतं आणि मी खाली. हाताला भागूबाईंचा पदर लागला, तो मी दोन्ही मुठींनी धरला आणि ओढला. त्या धप्पकन खाली आल्या. "आगं मेले, लुगडं सुटंल!" त्या ओरडल्या, आणि स्वतःच्या आवाजानेच जाग्या झाल्या. सोनुबाईंकडे बघितलं, दाराकडे बघितलं. हात मागे नेऊन सुनेचा पदर पकडला.

"बसा!" मी ओरडले. मी, जिला रिक्षावाल्याला थांबा म्हणता येत नाही. "सगळ्या बसा! ज्या आत गेल्यात त्या परत या! किरण मॅडम!"

पदराला पदर. हाताला हात. एकेक जण खाली येत गेली. चहाच्या खोलीच्या दारात मॅडम दिसल्या, झोपेतून उठवल्यासारख्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांची नजर नेमकी माझ्यावर थांबली. त्या आल्या आणि रेशमी साडीसकट सतरंजीच्या कडेला बसल्या. माईक तसाच उघडा.

आता पाहुणे वळून बघत होते. "काय चाललंय? मॅडम, कार्यक्रम..." पोपटदादा दारातून आत आले आणि जागीच उभे राहिले.

तो पुन्हा खाकरला. जवळून.

कुणी हललं नाही.

७

मग मी दाराकडे बघितलं. इतके दिवस बघितलं नव्हतं, खरं सांगते. इतर सगळं बघितलं होतं.

काळा रंग होता. सपाट, वनिताबाईंचा नेहमीचा. त्याच्या तळाशी, उंबऱ्यावर, एक पाऊल होतं. फक्त पुढचा भाग. वहाणेचा अंगठा, त्यातून आलेलं जाड नख, कातडी राखेसारखी कोरडी. बाकीचं अंधारात. ते रंगवलेलं असेल, मी स्वतःशी म्हटलं. आधीपासूनच असेल. पण आमच्या दालनाच्या दिव्यांमध्ये त्या नखाची सावली पडली होती, आणि ती चित्रात पडली नव्हती. खाली आमच्या फरशीवर, सतरंजीच्या काठापाशी पडली होती.

सावली पुढे सरकत नव्हती.

पाऊल उंबऱ्यावरच होतं. उचललं जात होतं, टेकत होतं, पुन्हा उचललं जात होतं. आत येत नव्हतं. आणि मला त्या क्षणी कळलं की इतके दिवस मी ज्याला हुकूम समजत होते तो हुकूम नव्हता. त्याला येताच येत नाही. बायका बसलेल्या असताना त्याला या खोलीत पाय टाकता येत नाही, कधीच येत नव्हता. म्हणून तर खाकरायचं. आम्ही उठायचो, म्हणून त्याला दार होतं.

सोनुबाईंनाही ते कळलं असावं. त्यांचं थरथरणं थांबलं होतं. त्या वाकून त्या पावलाकडे बघत होत्या, ओळखीचं काही दिसावं तशा.

तो खाकरला. या वेळी लांबवलेलं नव्हतं. तुटक, कोरडं. मागच्या एका पोरीने हुंदका दिला. तिच्या आईने तिला मांडीवर दाबून धरलं.

"गुडगं मोडलं बाई माझं," सोनुबाई एकदम मोठ्याने म्हणाल्या. आणि मांडी सोडून त्यांनी दोन्ही पाय पुढे पसरले. सरळ. त्या दाराच्या तोंडाकडे, भेगाळलेले तळवे वर करून. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर बाई असे पाय करत नाही. आजारी असली तरी करत नाही.

भागूबाईंनी तोंडावर हात ठेवला. "आगं सोने, पाय कुनाकडं करतीस?"

"जो उबा हाय त्याच्याकडं."

"आन तो चिडला म्हंजी?"

"मंग चिडू दे. उबा र्‍हाऊन चिडू दे."

मग भागूबाईंनी लुगडं सारखं केलं आणि "हुश्श" करत पाय लांब केले. त्यांच्या मागे त्यांच्या सुनेने. पैंजणं वाजली. संजनाने बूट काढून बाजूला फेकले. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी सगळ्यांना दिसत होते.

मी सगळ्यांत पुढे होते. सावली माझ्या गुडघ्यापासून वीतभर.

आतून आवाज येत होता. आता ते खाकरणं राहिलं नव्हतं. घसा खरवडत, खरवडत, काहीतरी खाली वाकत होतं. दारातला काळा रंग वाकत होता. मला चेहरा बघायचा नव्हता आणि मी डोळेही मिटणार नव्हते.

मी चपला काढल्या. मी पाय पसरले, सावलीच्याही पलीकडे, पार भिंतीपर्यंत.

तळव्यांना थंड, ओला श्वास लागला.

मी पाय मागे घेतले नाहीत.